न दिसणाऱ्या किरणांचा हिशेब

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात मराठी भाषेतील एक विस्तीर्ण शिलालेख आहे. सरफोजी महाराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तेथील भिंतीवर कोरवून घेतला. महाराष्ट्रातून गेलेला प्रवासी तो आवर्जून पाहतो, परमुलखात आपली भाषा भेटल्याने हरखून जातो आणि नकळत मंदिराच्या दगडावरून हात फिरवतो. तो दगड ग्रॅनाइटचा आहे. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात आणि त्यांतून रात्रंदिवस किरण बाहेर पडत असतात. राजराज चोळाच्या कारकिर्दीत, १०१० च्या सुमारास हे मंदिर पूर्ण झाले. तेव्हापासून हजार वर्षे भाविक त्या किरणांच्या सान्निध्यात प्रदक्षिणा घालीत आले आहेत. किरणांचे प्रमाण इतके थोडे आहे, की त्यांची चिंता करण्याचे काही कारण नाही.

अणुवीज केंद्रांचा पुरस्कार करणाऱ्यांना अशी उदाहरणे फार प्रिय असतात. दगडातून किरण येतात, आकाशातून येतात, केळ्यातून येतात, आपल्या शरीरातील पोटॅशियममधूनही येतात. मग अणुभट्टीचेच एवढे भय कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांनी दिलेली माहिती खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मंदिराचा दगड काल होता तसाच उद्या राहणार आहे. त्याला झडप नाही, पंप नाही, रात्रपाळीचा कामगार नाही, आणि त्याच्याविषयी काही लपवून ठेवण्यात कोणाचा लाभही नाही. अणुभट्टीच्या बाबतीत या सगळ्या गोष्टी आहेत. लोक किरणांना भितात असे आपण म्हणतो; पण पुष्कळदा त्यांना किरणांपेक्षा त्यांचा हिशेब ठेवणाऱ्यांचा भरवसा वाटत नसतो.

हिशेब हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. किरणोत्साराला रंग नाही, वास नाही, चव नाही. तरीही जगातील फार थोड्या गोष्टी त्याच्याइतक्या अचूकपणे मोजता येतात. हवेतील धूर किंवा पाण्यातील विष तपासण्यास प्रयोगशाळा लागते. किरण मोजण्यास अनेकदा हातात मावणारे यंत्र पुरते. माणसाला लागलेला किरणोत्सार ‘मिलिसिव्हर्ट’ या एककात सांगतात. निसर्गाकडूनच प्रत्येकाला वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीच्या एका क्ष-किरण चित्रासाठी एका मिलिसिव्हर्टच्या दहाव्या भागाहूनही कमी मात्रा लागते, तर सीटी स्कॅनसाठी काही मिलिसिव्हर्ट. अणुकेंद्रामुळे सामान्य नागरिकाला वर्षात १ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळता कामा नये आणि तेथील कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी २० मिलिसिव्हर्टच्या आत असावी, असा नियम आहे. याउलट अल्पावधीत एक हजार मिलिसिव्हर्ट अंगावर पडले, तर माणूस आजारी पडतो. चार-पाच हजार पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर वाचण्याची शक्यता निम्मीच उरते. अगदी थोड्या मात्रेने किती अपाय होतो, याविषयी शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. म्हणून नियम करताना थोडी मात्राही थोडी घातक आहे असे गृहीत धरले जाते, आणि ते योग्यच आहे.

तंजावर जिल्ह्यात अणुवीज केंद्र नाही. परंतु हे शहर दोन केंद्रांच्या मधोमध वसले आहे असे म्हणता येईल. ईशान्येस, सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरांवर कल्पक्कम आहे, तर नैर्ऋत्येस सव्वातीनशे किलोमीटरांवर कुडनकुळम. आणीबाणीच्या वेळी करावयाच्या उपाययोजनेचा आराखडा केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरांपुरता आखलेला असतो. त्यामुळे तंजावरकराला कोणी आयोडीनच्या गोळ्या वाटणार नाही, की त्याचे घर रिकामे करण्याचा सराव घेणार नाही. त्याला मिळते ती वीज. भाताच्या गिरण्या, पाण्याचे पंप, घरातील पंखा हे सारे ज्या विजेवर चालते, तिच्यात या केंद्रांचाही वाटा आहे. वीज दूर जाते आणि धास्ती जवळ राहते. या विषयावर बोलताना आपण या दोहोंपैकी कोणत्या ठिकाणी उभे आहोत, हे प्रत्येकाने आधी पाहून घ्यावे.

कुडनकुळमची हकीकत म्हणूनच नीट समजून घेण्याजोगी आहे. या केंद्राचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात नोव्हेंबर १९८८ मध्ये झाला. पुढे सोव्हिएत संघच उरला नाही. प्रत्यक्ष बांधकाम २००२ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात, डिसेंबर २००४ मध्ये, त्सुनामीने त्या किनाऱ्याला तडाखा दिला आणि उद्ध्वस्त झालेल्या मच्छीमार कुटुंबांसाठी केंद्राच्या जवळच एक वसाहत उभारली गेली. समुद्र घरात शिरतो म्हणजे काय, हे त्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे समुद्राच्याच लाटेने अणुकेंद्र निकामी झाल्याची दृश्ये त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिली, तेव्हा शेजारचा घुमट त्यांना वेगळा दिसू लागला. इडिंतकरै गावात लूर्द मातेच्या चर्चसमोर मांडव पडला आणि उपोषणे सुरू झाली. बायका घरची कामे उरकून तेथे येऊन बसत.

या लोकांना काय उत्तर मिळाले? तज्ज्ञांच्या समित्या नेमल्या गेल्या. नोव्हेंबर २०११ मध्ये माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी केंद्राची पाहणी केली आणि ते पूर्णपणे सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. कलाम हे तमिळनाडूचे लाडके सुपुत्र. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शिवाय केंद्राच्या रचनेत सुरक्षिततेची सोयही खरोखर आहे. भट्टीभोवती दुहेरी आवरण आहे. वीज पूर्ण बंद पडली तरी हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने उष्णता बाहेर टाकणारी योजना आहे. भट्टीचा गाभा वितळलाच, तर तो तळाशी अडवून धरणारे पात्रही आहे. फुकुशिमाच्या जुन्या भट्ट्यांत या सोयी नव्हत्या. हे सर्व लोकांना समजावून सांगता आले असते.

परंतु गावकऱ्यांनी जे मागितले होते, ते आश्वासनाहून वेगळे होते. त्यांना कागद हवे होते. ही जागा कोणत्या अभ्यासावरून निवडली आणि सुरक्षिततेचे विश्लेषण काय सांगते, यासंबंधीचे अहवाल त्यांच्या नेत्यांनी माहितीच्या अधिकाराखाली मागितले. ते नाकारले गेले. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने अहवाल खुले करण्याचा आदेश दिला, तर अणुवीज महामंडळाने त्या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिले. विदेशी कंपनीची व्यापारी गुपिते आणि देशाची सुरक्षितता ही कारणे सांगण्यात आली. काही पाने खरोखर झाकून ठेवावी लागतात, हे मान्य करू. पण जो माणूस केंद्राच्या भिंतीलगत झोपतो, त्याला ‘सुरक्षित आहे’ एवढेच सांगायचे आणि कशावरून, हे सांगायचे नाही, ही रीत सावकाराच्या वहीसारखी झाली. कुळाने अंगठा उठवायचा. वही मात्र सावकाराच्या पेटीत.

पुढचे अधिक क्लेशदायक आहे. हजारो ग्रामस्थांवर राजद्रोहाचे गुन्हे नोंदवले गेले. १० सप्टेंबर २०१२ रोजी समुद्रकिनाऱ्यावर जमलेल्या लोकांवर लाठीमार झाला आणि अश्रुधूर सोडण्यात आला. त्याच दिवशी शेजारच्या जिल्ह्यातील मणप्पाडु येथे पोलिसांच्या गोळीने एक मच्छीमार मरण पावला. ६ मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र चालू करण्यास अनुमती दिली, पण सोबत सुरक्षितता, पर्यावरण आणि आंदोलकांवरील खटले मागे घेण्याविषयी पंधरा निर्देशही दिले. जुलै २०१३ मध्ये पहिली भट्टी पेटली. आज तेथे प्रत्येकी हजार मेगावॅटच्या दोन भट्ट्या वीज देतात. त्या भट्ट्यांमधून फुकुशिमासारखे काही घडले नाही, हे नमूद केलेच पाहिजे. तरीही ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील संगणकात घातक आज्ञावली शिरल्याची बातमी फुटली तेव्हा काय झाले, ते पाहावे. केंद्राने पहिल्या दिवशी सायबर हल्ल्याची शक्यताच नाकारली. दुसऱ्या दिवशी महामंडळाने कबूल केले, की कार्यालयीन कामाच्या जाळ्याशी जोडलेल्या एका संगणकात ती सापडली होती. भट्टीचे नियंत्रण त्या जाळ्यापासून अलग होते, म्हणजे धोका नव्हता. जे पहिल्या दिवशी बिनदिक्कत सांगता आले असते, ते आधी नाकारून मग कबूल केल्याने निष्कारण संशयास्पद ठरले.

कल्पक्कमच्या इतिहासात हीच गोष्ट दोन्ही बाजूंनी पाहायला मिळते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचे पाणी तेथील पंपघरात शिरले. चालू असलेली भट्टी कर्मचाऱ्यांनी तत्काळ आणि सुरक्षितपणे बंद केली. वसाहतीत काहींचे प्राण गेले. स्वतःच्या घरावर लाट आलेली असताना कर्मचारी कामावर उभे राहिले. काही दिवसांत भट्टी पुन्हा सुरू झाली. अशा माणसांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. परंतु त्याच कल्पक्कममध्ये, इंधनावर पुनःप्रक्रिया करणाऱ्या विभागात, २१ जानेवारी २००३ रोजी एका झडपेतील दोषामुळे सहा कर्मचाऱ्यांना नियमापेक्षा अधिक किरणोत्सार लागला होता. ज्या जागी ते काम करीत होते, तेथे किरणांची पातळी दाखवणारे यंत्र नव्हते. जनतेला हे अधिकृतपणे कळण्यास ऑगस्ट महिना उजाडला. सहा जण बचावले, ही समाधानाची बाब. पण तोवरचे सहा-सात महिने गप्प राहून कोणाचे रक्षण झाले, या प्रश्नाचे उत्तर मला सापडत नाही.

मौनाने काय होऊ शकते, याचे सर्वांत दारुण उदाहरण चेर्नोबिलचे आहे. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे तेथील भट्टी फुटली. लगतचे शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामे करण्यात आले. जगाला सोव्हिएत सरकारने सांगितले ते २८ तारखेच्या संध्याकाळी, तेही स्वीडनमधील एका अणुकेंद्रात किरणांची वाढ आढळल्यावर. भट्टीतून उडालेले किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसले, गवतातून गाईच्या दुधात आले आणि दुधातून लेकरांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठले. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होत जाते. काही आठवडे ताजे दूध देऊ नका, एवढे त्या आयांना वेळेवर सांगितले असते, तर पुढे थायरॉइडच्या कर्करोगाने ग्रासलेल्या हजारो मुलांपैकी कितीतरी वाचली असती. शेजारच्या पोलंडमध्ये सुमारे एक कोटी मुलांना तातडीने साधे आयोडीन पाजण्यात आले; ज्या देशात भट्टी फुटली, तेथे आया मुलांपुढे दुधाचे पेले ठेवीत होत्या.

फुकुशिमाचा धडा निराळा आहे, आणि आंदोलनकर्त्यांनी तो विशेष ध्यानात घ्यावा. तेथे किरणांच्या तीव्र आघाताने कोणी दगावले नाही. मात्र दीड लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली, रुग्णालयांतील आणि वृद्धाश्रमांतील अंथरुणाला खिळलेल्या लोकांना घाईघाईने बसमध्ये भरून हलवण्यात आले. स्थलांतराची दगदग, तुटलेले उपचार आणि उद्ध्वस्त झालेले जीवन यांमुळे त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचे तेथील शासनाने मान्य केले आहे. भयालाही बळी पडतात. म्हणून केंद्राजवळच्या गावातील प्रत्येक आजार किरणांच्या माथी मारणे, किंवा मोजमाप न करता ‘पिढ्यान्‌पिढ्या अपंग मुले जन्मतील’ असे गरोदर स्त्रीच्या कानावर घालणे, हा निर्दोष अतिरेक समजता येणार नाही. केरळच्या करुनागप्पळ्ळी भागातील वाळूत थोरियम आहे. तेथे काही घरांत नैसर्गिक किरणोत्सार जगाच्या सरासरीच्या कित्येक पट आढळतो. तेथील सुमारे सत्तर हजार रहिवाशांचा दशकभराहून अधिक काळ मागोवा घेऊन २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले; त्या किरणांमुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. हा अभ्यास कोणाच्या बाजूचा आहे, हे न पाहता तो सर्वांनी वाचावा.

किरणांचा धोका केवळ अणुभट्टीच्या कुंपणाआड असतो, असेही नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात एका शिक्षणसंस्थेने लिलावात विकलेले जुने यंत्र आले. त्यात कोबाल्ट होते. ते कशाचे आहे हे ठाऊक नसलेल्या कामगारांनी ते फोडले. एक जण मरण पावला, इतर काही गंभीर आजारी पडले. पिवळ्या रंगावरील तीन काळ्या पात्यांचे चिन्ह त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. भंगार, बांधकाम, रुग्णालयाची सफाई अशी कामे करणाऱ्या प्रत्येकाला हे चिन्ह ओळखता आले पाहिजे. ते दिसले, तर वस्तूला हात न लावता दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे.

आपल्या महाराष्ट्राला हा विषय परका नाही. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून तारापूर येथे चालू आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरच्या प्रस्तावित केंद्राला माडबन-नाटे परिसरातून विरोध झाला, आणि एप्रिल २०११ मध्ये तेथेही गोळीबारात एकाचा बळी गेला. कोकणातील मच्छीमार आणि इडिंतकरैचा मच्छीमार यांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नसेल. विचारलेले प्रश्न मात्र जवळजवळ तेच आहेत. तंजावरच्या शेतकऱ्यालाही ते ओळखीचे वाटतील. कावेरीच्या खोऱ्यात जमिनीखालचा मिथेन वायू काढण्याची योजना आली, तेव्हा आमच्या विहिरींचे पाणी किती खाली जाईल, असे त्याने विचारले होते. २०२० मध्ये तमिळनाडू सरकारने तो प्रदेश कायद्याने संरक्षित कृषिक्षेत्र ठरवला.

अणुवीज नकोच, असे माझे म्हणणे नाही. कोळशाचा धूर रोज थोडी थोडी माणसे मारतो आणि त्याची बातमीही होत नाही. पण ज्यांना ही वीज हवी आहे, त्यांनी वही उघडली पाहिजे. प्रत्येक केंद्राजवळ पर्यावरण तपासणारी प्रयोगशाळा आहे. तेथे पाणी, मासे, दूध आणि धान्य यांचे नमुने नियमितपणे तपासले जातात आणि जनतेला मिळणारी मात्रा मर्यादेच्या पुष्कळ खाली असते, असे अहवाल सांगतात. ते आकडे खोटे आहेत असे समजण्यास मला आधार नाही. मात्र वीज निर्माण करणारे आणि मोजणारे एकाच छत्राखालचे, आणि अहवाल इंग्रजीत. मग गावाने विश्वास कशावर ठेवायचा? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले ते सरकारी आदेशाने. त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळण्यास डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्राचे दार उघडून दिले आहे. नफ्याचा विचार जेथे येतो, तेथे मोजणारा माणूस वेगळा असणे अधिकच आवश्यक ठरते. फ्रान्समध्ये २००६ च्या कायद्यानुसार अणुकेंद्रांभोवती स्थानिक माहिती समित्या असतात. त्यांत लोकप्रतिनिधी, कामगार संघटना आणि पर्यावरणाचे कार्यकर्ते बसतात. जपानमध्ये २०११ नंतर सामान्य नागरिकांनी स्वतः यंत्रे जुळवून रस्तोरस्ती किरण मोजले आणि आकडे सर्वांसाठी खुले केले. शाळांच्या आवारात आणि बागांत पातळी दाखवणारे फलक उभे राहिले.

तंजावरला परत येऊ. सरफोजी महाराजांना नेत्रचिकित्सेची आवड होती. त्यांच्या काळात तपासलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, आजारी डोळ्यांच्या चित्रांसह, तेथे जपल्या गेल्या आहेत. रोग कोणता, उपचार कोणता, पुढे काय झाले, हे दोनशे वर्षांनंतर आलेल्या परक्या वैद्यालाही त्या पानांवरून तपासता येते. इडिंतकरैच्या ग्रामपंचायतीसमोर असाच एक फलक असावा: आज सकाळी किती, काल किती, आणि मर्यादा किती. तो तमिळमध्ये असावा, माडबनला मराठीत. त्या फलकावरचा आकडा आणि गावच्या शाळेतील मास्तरांच्या हातातील यंत्रावरचा आकडा जुळतो की नाही, हे पाहण्याची मुभा कोणालाही, कोणत्याही दिवशी असावी.